ओपन स्पेस

नकाशात तिला हिरवा रंग होता.
सिडकोच्या हापिसात, काचेखाली,
पेन्सिलीनं भरलेला एक चौकोन
आणि भोवती चौदा घरं,
चौदाही घरांची तोंडं आत.

खरी जागा एप्रिलात पिवळी असते,
मे महिन्यात खाकी.
शमीमआपा तिला ओपनपेस म्हणतात,
बब्रुवानकाका म्हणतात, आपलं रान.

घरं एवढी लहान
की आत वळायचं तर भांड्यांना विचारावं लागतं.
म्हणून अर्धं जगणं बाहेर.
मिरच्या बाहेर, शेवया बाहेर,
कुशावर्ताची शिलाई मशीन लिंबाखाली,
तथागतचा एमपीएससीचा अभ्यास नळाच्या कट्ट्यावर.
भांडणंसुद्धा बाहेरच,
आत रागाला हात वर करायला जागा नाही.

पाणी आठव्या दिवशी येतं,
कधी रात्री दोनला,
आणि चौदा मोटारी एकदम घुमायला लागतात.
नियम कोणी केला आठवत नाही:
तांदळाचं धुवण, भाजीचं पाणी,
कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं,
यातलं काही मोरीत जायचं नाही.
घरामागं एक बादली.
डीपीच्या खोक्यावर खडूनं वार लिहिलेत,
आमचा मंगळवार.
साबणाच्या पाण्यावर हरळी जगत नाही म्हणतात.
आमची जगली.
तिला सवय झाली असावी, आपल्यासारखी.

एवढं सांगितलं तर पुढचंही सांगायला हवं.
दोन हजार अकरात मी दाराशी एक पायरी घातली.
मग पायरीचा ओटा झाला,
ओट्याला कठडा,
कठड्यावर पत्रा,
पत्र्याखाली मोटारसायकल.
कोणी काही बोललं नाही.
त्याच वर्षी समोरची तुळस चार फूट पुढं आली;
तुळशीला मागं सरक कोण म्हणणार?
मग शमीमआपांच्या कोंबड्यांची जाळी,
मग सहा नंबरची कार,
जी दिवसभर कव्हर पांघरून झोपते
आणि चेंडू लागला की किंचाळते.
चोरून नाही केलं हे.
भर दिवसा, सिमेंट कालवून,
शेजाऱ्याचंच घमेलं मागून आणून.

परवा कुशावर्ताच्या लेकीच्या लग्नासाठी
मंडपवाला आला, अजिनाथ.
टेप लावला, परत लावला,
खिशातून तेलकट वही काढली.
म्हणाला, इथं पाचच पंगती बसतील.
दोन हजार नऊला नऊ बसल्या होत्या,
हे बघा, लिहिलेलं आहे.
ते लग्न माझ्या थोरलीचं.
मग माझ्याकडं न बघता
त्यानं माझ्या ओट्याकडं बोट केलं:
कोपऱ्यातल्या खांबाचा खड्डा
तिथं होता.

कुशावर्ता काही म्हणाली नाही.
मशीनमध्ये दोरा ओवत राहिली,
सुईचं नाक सापडत नसल्यासारखी.

रात्री बायकोला म्हणालो, पाच पंगतीही पुष्कळ.
ती म्हणाली, झोपा.

सकाळी घमेलं मागायला गेलो.
"आता काय बांधायलाव, भाऊ?"
बांधत नाही, म्हणालो.

ओटा फुटायला दोन दिवस लागले.
चांगला बांधला होता, मेल्याने.
तथागत पुस्तक पालथं घालून आला,
बब्रुवानकाका खुर्ची आणून बसले
आणि घण कसा धरावा ते सांगत राहिले.
समोरच्यांनी तुळस उचलली,
दोन फूट मागं नेली,
चार नाही.
शमीमआपा म्हणाल्या, कोंबड्या अंड्यावर आहेत,
ईदनंतर बघू.

फरशीखाली माती ओली होती,
इतक्या उन्हाळ्यांत
तिला पाणी कुठून मिळालं कोण जाणे.
खांबाचा खड्डा सापडला नाही.
हरळीचं एक मूळ सापडलं,
दोऱ्यासारखं पांढरं,
चौदा वर्षं अंधारात,
मरायचं विसरून गेलेलं.

लग्नात सहा पंगती बसल्या.
सातवी दाटीवाटीनं, कारच्या कडेनं,
कव्हरवर वरणाचे शिंतोडे.

मंगळवारी बादली नेली ती तिथंच ओतली.
अजून काही दिसत नाही.
पायरी नाही, त्यामुळं घरात शिरताना
गुडघा दुखतो.